आकडा कुठल्या हद्दीतला? गावापासून प्रदेशापर्यंत आकडेवारीचा नकाशा वाचण्याची रीत

२०११ च्या जनगणनेत देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता ठाणे. आकडा होता १,१०,६०,१४८. आज ठाणे जिल्ह्याची माहिती शोधली, तर त्याच २०११ च्या जनगणनेचा हवाला देऊन ८०,७०,०३२ असाही आकडा सापडतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या आठ तालुक्यांतली २९,९०,११६ माणसं दुसऱ्या खात्यावर मांडली गेली. माणसं होती तिथेच राहिली, हद्द तेवढी सरकली.

ग्रामपंचायतीचा आराखडा, पीएच.डी.चा प्रबंध, वर्तमानपत्रातली बातमी किंवा शाळेतला प्रकल्प, यांतलं काहीही करताना आकडा हाती आला की आधी दोन प्रश्न विचारायचे: हा कुठल्या हद्दीतला, आणि ती हद्द कुठल्या तारखेची? या लेखात या दोन प्रश्नांची उत्तरं काढण्याची पद्धत पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं भारताची, त्यातही महाराष्ट्र आणि गोव्याची घेतली आहेत, कारण देशाची आकडेवारीसाठी केलेली वाटणी आपल्याला तिथेच रोज भेटते.

पहिली पायरी: उतरंड ओळखा

जनगणनेची उतरंड अशी: देश, राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव किंवा शहर. शहराच्या आत प्रभाग. सगळ्यांत खाली प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने घरोघर फिरून मोजायचा तुकडा. २०११ मध्ये देशात ६४० जिल्हे आणि ५,९२४ तालुके होते. तालुक्याला कुठे तहसील म्हणतात, कुठे मंडल, कुठे विकास गट. म्हणून जनगणना या पातळीला सरसकट उपजिल्हा म्हणते. दुसऱ्या राज्यांची कोष्टकं उघडलीत की हा शब्द दिसेल. तो आपला तालुकाच.

गाव म्हणजे इथे महसुली गाव: ज्याची मोजणी झाली आहे, हद्द ठरलेली आहे आणि तलाठ्याच्या दप्तरात ज्याचं नाव आहे ते. इथे फार जण चुकतात. ग्रामपंचायत म्हणजे गाव नव्हे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन किंवा जास्त महसुली गावं असतात. उलट कोकणात नाहीतर डोंगराळ भागात एका महसुली गावाच्या पोटात दहा वाड्या, पाडे असतात आणि त्यांचा वेगळा आकडा छापलाच जात नाही. तुमच्या वाडीची लोकसंख्या जनगणनेच्या कोष्टकात सापडत नसेल तर शोध थांबवा. ती मुख्य गावात मिसळलेली आहे. काही गावांपुढे लोकसंख्या शून्य दिसेल. तो छपाईचा दोष नाही. महसुली दप्तरात हद्द जिवंत आहे पण तिथे कुणी राहत नाही, अशी ती ओसाड गावं. जनगणना त्यांनाही यादीत ठेवते, कारण सगळ्या गावांचं क्षेत्रफळ मिळून तालुक्याचं क्षेत्रफळ भरायला हवं.

दुसरी पायरी: नावावर नाही, क्रमांकावर विसंबा

वडगाव किती आहेत ते महाराष्ट्रातल्या कुणालाही विचारा. एकाच तालुक्यात वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द शेजारी शेजारी असतात. त्यातून इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ: २०११ च्या कोष्टकांत बीड हे ‘बिड’ असं लिहिलेलं आहे, गोंदिया ‘गोंदिया’ आणि ‘गोंडिया’ दोन्ही वाचता येईल असं, आणि रायगडच्या शेवटी ‘ढ’ यावा तसं. नंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या कोष्टकांत अर्थातच जुनी नावं आहेत.

यावर उपाय म्हणजे जनगणनेचा स्थान क्रमांक. २०११ मध्ये राज्याला दोन अंक, जिल्ह्याला तीन, तालुक्याला पाच आणि गाव-शहराला सहा अंक दिले गेले. महाराष्ट्राचा क्रमांक २७, गोव्याचा ३०. जिल्ह्यांचे क्रमांक साऱ्या देशात सलग आहेत: महाराष्ट्रात नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत, गोव्यात उत्तर गोवा ५८५ आणि दक्षिण गोवा ५८६. नंदुरबार पहिला आणि सांगली शेवटचा का? क्रमांक वायव्येच्या कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी वळणं घेत पुढे जातात. म्हणून शेजारचे जिल्हे बहुधा शेजारच्या क्रमांकांवर सापडतात. ठाणे ५१७, मुंबई उपनगर ५१८, मुंबई ५१९, रायगड ५२०, पुणे ५२१.

नगरपरिषद, महानगरपालिका वगैरे असलेल्या शहरांचे क्रमांक ८००००१ पासून सुरू होतात. सहा अंकी क्रमांकाची सुरुवात ८ ने झाली की ते गाव नाही, हे लगेच कळतं.

आता दोन व्यवहारातल्या सूचना. तालुक्यांचे पाच अंकी क्रमांक शून्याने सुरू होतात. एक्सेल तो शून्य खाऊन टाकतं आणि मग दोन कोष्टकं जुळत नाहीत. म्हणून क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या आणि मगच आकडे उतरवा. दुसरं, २००१ चे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे आहेत. तेव्हा जिल्ह्यांचे क्रमांक प्रत्येक राज्यात १ पासून सुरू व्हायचे. २००१ चा ठाणे २१ आहे आणि २०११ चा ५१७. दोन सालांची कोष्टकं क्रमांकावर थेट जोडू नका. आधी जुळवणीची एक यादी हाताने तयार करा आणि ती जपून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदा नीट केलं की पुढची कितीतरी वर्षं उपयोगी पडतं.

पंचायत राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका वेगळे क्रमांक वापरते. सरकारी योजनांची आकडेवारी बहुतेक वेळा तिच्या क्रमांकांनी येते. कोष्टकाच्या डोक्यावर नुसतं ‘कोड’ लिहिलेलं असेल तर तो कुणाचा, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: ‘शहर’ शब्दावर थांबा

माझ्या मते सगळ्यांत जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळतो.

जनगणनेत शहरं दोन जातींची असतात. पहिली वैधानिक: महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) यांपैकी काहीतरी कायद्याने तिथे स्थापन झालेलं असतं. दुसरी जनगणना शहरं. कारभार ग्रामपंचायतीचाच, पण तीन कसोट्या उतरल्या म्हणून जनगणनेने त्या जागेला शहर मानलं. लोकसंख्या किमान ५,०००. मुख्य काम करणाऱ्या, म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असलेल्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. तिन्ही एकदम हव्यात.

कसोटी लावताना आकडे आधीच्या जनगणनेचे घ्यावे लागतात, कारण मोजणीला निघण्याआधीच कुठला प्रगणक गट ग्रामीण आणि कुठला शहरी हे ठरवायचं असतं. म्हणून २०११ साठी २००१ चे आकडे तपासले गेले आणि वाढ गृहीत धरून तेव्हा ४,००० च्या वर असलेली गावं विचारात घेतली गेली. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ जनगणना शहरं होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. वैधानिक शहरं त्या वेळी ४,०४१. म्हणजे २०११ च्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक दुसरं शहर कायद्याच्या दृष्टीने गावच होतं.

गोवा याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण. २०११ मध्ये गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी नोंदली गेली. ७० शहरं होती, पण त्यांतली वैधानिक फक्त १४: पणजी महानगरपालिका आणि १३ नगरपालिका. उरलेली ५६ जनगणना शहरं पंचायतींच्याच कारभाराखाली. ‘गोवा ६२ टक्के शहरी’ असं वाचून तिथल्या इतक्या लोकांना नगरपालिकेचं पाणी, गटार, कचरागाडी मिळते असा निष्कर्ष कुणी काढला तर तो साफ चुकेल. दर्जा आकडेवारीपुरता शहरी, पैसा आणि अधिकार पंचायतीचे. कचरा आणि सांडपाण्याचे कितीतरी प्रश्न या फटीत अडकून पडलेले आहेत आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण प्रश्न आकड्यात दिसतो पण तो सोडवायचा कुणी, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्रात उलटा गुंता आहे. २०११ नंतर, मुख्यतः २०१४-१५ च्या सुमारास, तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. आज तिथे नगराध्यक्ष आहेत, पण २०११ च्या कोष्टकात ती गावं म्हणून सापडतील. शहरांच्या यादीत नाव नसेल तर गावांच्या यादीत पाहा.

आणखी दोन शब्द इथेच समजून घ्या. शहराच्या हद्दीबाहेर पण लागून असलेली, शेजारच्या गावाच्या महसुली हद्दीतली रेल्वे वसाहत, विद्यापीठ परिसर किंवा बंदराचा भाग अशा वस्तीला वाढीव वस्ती धरतात आणि शहरासोबत मोजतात. अशा वस्त्यांसह एक शहर किंवा एकमेकांना चिकटलेली दोन-चार शहरं मिळून नागरी समूह होतो. त्यात किमान एक वैधानिक शहर असावं लागतं आणि एकूण लोकसंख्या २०,००० च्या खाली नसावी लागते. ‘मुंबईची लोकसंख्या किती?’ या साध्या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरं आहेत. बृहन्मुंबई महानगरपालिकेची हद्द घेतली तर २०११ मध्ये १,२४,४२,३७३. नागरी समूह घेतला तर १,८३,९४,९१२, कारण त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतात. नागरी समूह जिल्ह्याच्या हद्दी जुमानत नाही. जिल्ह्याच्या आकड्याशी त्याची तुलना करू नका.

चौथी पायरी: हद्द गोठवल्याची तारीख शोधा

जनगणनेआधी राज्यांना सांगितलं जातं की अमुक तारखेनंतर जिल्हा, तालुका, गाव, पालिका यांच्या हद्दी बदलायच्या नाहीत. २०११ साठी ही तारीख होती ३१ डिसेंबर २००९. त्या दिवशी जसा नकाशा होता तसा मोजणीपुरता कायम राहिला. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी, म्हणजे जेमतेम सहा महिने आधी अस्तित्वात आली आणि म्हणून २०११ मध्ये १२,२२,३९० लोकसंख्येचं एक शहर म्हणून मोजली गेली. २००१ मध्ये तिथे वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका आणि आसपासची गावं होती. त्यामुळे ‘२००१ मध्ये वसई-विरारची लोकसंख्या’ असा आकडा तुम्हाला त्या सालच्या कोष्टकात सापडणार नाही, तो बेरीज करून काढावा लागेल.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. बर्फाळ भाग वगळता देशभर १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरला आणि हद्दी गोठवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख. तुमच्या गावाची ग्रामपंचायत त्यानंतर नगरपंचायत झाली असेल, तर नव्या जनगणनेतही तिची नोंद जुन्या दर्जानेच होणार, हे आताच टिपून ठेवा.

पाचवी पायरी: दोन सालांची तुलना करताना हद्दी सारख्या करा

नवा जिल्हा जुन्यातून निघाला असेल तर सोपा मार्ग म्हणजे दोन्हींची बेरीज करून जुना जिल्हा परत उभा करणं. महाराष्ट्रात लक्षात ठेवण्याजोग्या जोड्या: १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना (त्यात परभणीचा परतूर तालुकाही गेला), १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली, १९९० मध्ये मुंबईतून मुंबई उपनगर, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम आणि धुळ्यातून नंदुरबार, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर.

लोकसंख्येपुरतं बोलायचं तर ही मेहनतही वाचते. जनगणनेचं ए-२ हे कोष्टक १९०१ पासूनची दर दशकाची लोकसंख्या ताज्या हद्दींनुसार जुळवून देतं. तयार आकडा असताना आपला वेगळा हिशेब मांडायचा मोह आवरा.

बेरीज फक्त संख्यांची होते, टक्क्यांची नाही. समजा एका तालुक्यात १ लाख लोकांपैकी ९० टक्के साक्षर आहेत आणि दुसऱ्यात २०,००० पैकी ५० टक्के. सरासरी ७० नाही. ९०,००० अधिक १०,००० म्हणजे १ लाख साक्षर, भागिले १ लाख २० हजार, म्हणजे ८३ टक्क्यांच्या वर. आणि खऱ्या हिशेबात भाजक संपूर्ण लोकसंख्या नसते. जनगणनेचा साक्षरता दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांमध्ये काढतात. म्हणून एकूण लोकसंख्येतून ० ते ६ वयाची मुलं वजा करायची आणि मग भागायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा सापळा नेमका पालघर-ठाण्यावरच आहे. २०१५-१६ ची चौथी फेरी २०११ च्या ६४० जिल्ह्यांवर बेतलेली होती, २०१९-२१ ची पाचवी ७०७ जिल्ह्यांवर. चौथ्या फेरीतल्या ‘ठाणे’मध्ये जव्हार, मोखाडा, डहाणू आहेत, पाचव्या फेरीतल्या ‘ठाणे’मध्ये नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘ठाण्यात कुपोषण इतकं बदललं’ असं लिहिलं तर त्या बदलातला किती भाग मुलांचा आणि किती हद्दीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. मुंबईला खेटलेल्या मोठ्या शहरांच्या वजनापुढे त्या पाड्यांची स्थिती जिल्ह्याच्या सरासरीत दिसणं कठीण होतं. पालघर वेगळा झाल्यावरही हे पूर्ण मिटलेलं नाही. २०११ च्या हिशेबाने पालघरमधल्या दर १०० माणसांपैकी ४१ एकट्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत राहत होती. म्हणून पालघरचा कुठलाही जिल्हा-आकडा हातात आला की मी तालुक्यांचे आकडे मागतो आणि मिळाले नाहीत तर तसं स्पष्ट लिहितो.

सहावी पायरी: ‘प्रदेश’ म्हणजे नक्की कोणता ते पाहा

जिल्ह्याच्या वर आणि राज्याच्या खाली एक मधली पातळी असते. महाराष्ट्रात तिच्या निदान तीन वाटण्या आहेत आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

महसुली विभाग सहा: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. वैधानिक विकास मंडळांसाठी १९९४ मध्ये केलेले भाग तीन: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र. आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे, म्हणजे निवडक घरांत जाऊन माहिती घेणाऱ्या सरकारी पाहणीचे, प्रदेशही सहाच, पण वेगळे. शेती, हवामान आणि लोकवस्ती यांत साधर्म्य असलेले जिल्हे एकत्र करून पाहणीने ते आखले आहेत. किनारी प्रदेशात मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचे जिल्हे. अंतर्गत पश्चिम प्रदेशात पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा, कोल्हापूर, सांगली. अंतर्गत उत्तर भागात नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक. अंतर्गत मध्य म्हणजे मराठवाड्याचे आठ जिल्हे. अंतर्गत पूर्व प्रदेशात बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ आणि त्यांच्या जोडीला वर्धा, नागपूर. पूर्व प्रदेशात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली.

दोन्हीकडे सहा हा आकडा असल्यामुळे लोक त्यांना एकच समजतात. पण अहिल्यानगर महसुलात नाशिक विभागात आहे आणि पाहणीत पुण्याच्या गटात. नागपूर-वर्धा महसुलात गडचिरोलीसोबत आहेत, पाहणीत अमरावतीसोबत. कापूस आणि सोयाबीनचा वऱ्हाडी पट्टा एकीकडे, भाताचा आणि जंगलाचा झाडीपट्टीचा भाग दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे आणि मला ती महसुली विभागणीपेक्षा जास्त पटते. विदर्भ एकच समजून काढलेल्या सरासरीत गडचिरोली नागपूरखाली झाकला जातो.

युरोपीय संघाने मात्र लोकसंख्येच्या पट्ट्या ठरवूनच प्रदेश पाडले आहेत. त्यांच्या तीन पातळ्यांपैकी सगळ्यांत मोठ्या प्रदेशात साधारण ३० ते ७० लाख लोक असावेत, मधल्यात ८ ते ३० लाख, सगळ्यांत लहानात दीड ते आठ लाख. हद्दींत तीन वर्षांच्या आत पुन्हा बदल करायचा नाही, असाही नियम आहे. २०११ चा ठाणे जिल्हा त्यांच्या सगळ्यांत मोठ्या पट्टीतही मावला नसता.

नमुना पाहणीच्या आकड्यांबाबत एक मर्यादा कायम ध्यानात ठेवा. ती सगळ्या घरांत जात नाही. ग्रामीण भागात जनगणनेच्या यादीतून गावं निवडते, शहरात साधारण ६०० ते ८०० लोकवस्तीचे आखलेले गट निवडते. म्हणून ती गावाचा किंवा तालुक्याचा आकडा देऊ शकत नाही. जानेवारी २०२५ पासून रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या श्रमबल पाहणीच्या नमुन्याची रचना जिल्हा हा पाया धरून केली आहे, त्यामुळे पुढे जिल्ह्याच्या पातळीवर जास्त काही हाती लागावं. पण ‘आमच्या गावातली बेरोजगारी’ तिच्यात शोधू नका.

सातवी पायरी: कुठे शोधायचं

गावपातळीवर पहिला थांबा जिल्हा जनगणना पुस्तिका. अ भागात गावांची आणि शहरांची निर्देशिका: हेक्टरमधलं क्षेत्रफळ, शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता. ब भागात प्राथमिक जनगणना गोषवारा: लोकसंख्या, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. जनगणनेच्या संकेतस्थळावरून दोन्ही फुकट उतरवता येतात. जिल्ह्याची ताजी माहिती हवी असेल तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ पाहा.

शेवटी, आकडा वहीत उतरवताना त्याच्यासोबत चार गोष्टी लिहा: हद्दीचं नाव, तिचा क्रमांक आणि तो कुठल्या यादीतला, मोजणीचं साल, आणि हद्द कुठल्या तारखेची. उदाहरणार्थ: ‘ठाणे जिल्हा, जनगणना क्रमांक ५१७, २०११, हद्द ३१ डिसेंबर २००९ ची, पालघरसह, लोकसंख्या १,१०,६०,१४८.’